दोन हातांच्या मापाचा कुत्रा

कंब्रियातला कोल्हा दगडात राहतो. इंग्लंडच्या वायव्येला, स्कॉटलंडच्या हद्दीला टेकलेला हा डोंगराळ परगणा. इथल्या कड्यांवरून हजारो वर्षं शिळा ढासळत आल्या आणि पायथ्याशी त्यांचे ढिगारे साचले. स्थानिक लोक त्यांना 'बोरन' म्हणतात. त्यांतल्या फटी आत किती खोल जातात, कुठे वळतात, कुठे एकदम दोन पुरुष खाली उतरतात, हे बाहेर उभ्या माणसाला कळायला मार्ग नाही. तिथे शिरून कोल्ह्यासमोर उभं राहायचं, भुंकून आपला ठावठिकाणा वर कळवायचा आणि आल्या वाटेने परत यायचं, हे काम सहा-सात किलो वजनाच्या कुत्र्याचं. हा टेरियर आणि त्याला पाळणारी माणसं पाहायला मी लेक डिस्ट्रिक्टला गेले.

आपल्याला हा भाग माहीत असतो तो वर्ड्सवर्थमुळे. तळी, डॅफोडिलची फुलं, बोटीतून फेरी. पण २०१७ साली युनेस्कोने लेक डिस्ट्रिक्टचं नाव जागतिक वारशाच्या यादीत घातलं तेव्हा कवींच्या जोडीला इथल्या मेंढपाळीचाही मान राखला. डोंगरावर चढत गेलेल्या दगडी बांधांच्या भिंती, त्यांच्या वरचं उघडं रान, आणि त्या रानात कुंपणाशिवाय चरणाऱ्या हर्डविक मेंढ्या. ही मेंढी आपली हद्द सोडत नाही. कोकरू आईच्या मागे हिंडतं, तेवढ्यात डोंगराचा आपला तुकडा त्याच्या पायांत बसतो. पुढे ते स्वतःच्या कोकराला तोच देतं. म्हणून इथे शेत विकलं तरी बऱ्याचदा कळप जागेवरच राहतो. पीटर रॅबिटच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिआट्रिक्स पॉटर उत्तरायुष्यात इथल्या नावाजलेल्या हर्डविकपालक झाल्या होत्या. १९४३ साली त्या गेल्या तेव्हा चार हजार एकरांहून अधिक जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवाली केली आणि आपल्या डोंगरी शेतांवर हर्डविकच राहाव्यात अशी इच्छा नोंदवून ठेवली.

माझा मावसभाऊ कार्लाइलला डॉक्टर आहे. त्याच्या ओळखीने अल्सवॉटर तळ्याच्या वरच्या अंगाला एका शेतकरी कुटुंबाकडे जाता आलं. अंगणात पाय ठेवताच दोन जातींचे कुत्रे सामोरे आले आणि त्यांच्यातला फरक लगेच डोळ्यांत भरला. कोली जमिनीला पोट लावून बसला होता आणि त्याची नजर मालकावरून हलत नव्हती. शीळ वाजली की उठायचं, दुसरी वाजली की थांबायचं, हे त्याचं आयुष्य. टेरियर मात्र आमच्याकडे एकदा बघून लाकडांच्या रचलेल्या ढिगाकडे वळले आणि एकेका फटीत नाक घालून पाहू लागले. मालकाने हाक मारली, त्यांनी कान हलवले आणि काम चालू ठेवलं.

"बिळात गेल्यावर मी त्याला काय सांगणार?" मालक म्हणाले. "तिथे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं."

मला टेरियरचा स्वभाव उलगडला तो या एका वाक्याने. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही आता जॅक रसेल दिसतात आणि कुत्रा ऐकत नाही, हट्टी आहे, सोफा उकरतो, अशी तक्रार त्यांच्या घरी नेहमी ऐकू येते. पण जो कुत्रा पिढ्यान् पिढ्या माणसाच्या नजरेआड, अंधारात, एकट्याने निर्णय घ्यायला निवडला गेला, तो दिवाणखान्यात कोलीसारखा वागेल कसा? ही जात डेव्हनमधल्या ज्या पाद्र्याच्या नावाने ओळखली जाते ते जॉन रसेल १७९५ साली जन्मले. ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याकडून 'ट्रम्प' नावाची कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून आपली पैदास सुरू केली. सोफ्यावर लोळणारा जॅक रसेल आपला वंश तिच्यापर्यंत नेऊन भिडवतो.

कंब्रियात या कुत्र्याची गरज मेंढीमुळे निर्माण झाली. उंचावरची थंडी ओसरल्याशिवाय मेंढ्या व्यालेल्या परवडत नाहीत, म्हणून इथे वीण एप्रिलच्या उत्तरार्धात येते. त्याच दिवसांत कोल्हीला पिल्लं झालेली असतात. रात्री पाऊस, पहाटे दंव, जुळ्यांतलं एक अशक्त, आई दुसऱ्याला चाटण्यात गुंतलेली. तेवढ्यात एक कोकरू नाहीसं होतं. आपल्या धनगराच्या मनात लांडग्याचं जे स्थान, तेच इथल्या मेंढपाळाच्या मनात कोल्ह्याचं. पूर्वी शेतकऱ्याचा निरोप आला की हाउंडांचा ताफा उजाडायच्या आत त्या खोऱ्यात हजर व्हायचा. हे ताफे पायी चालणारे. लाल कोट, घोडे, कुंपणांवरून उड्या हे इंग्लंडच्या सपाट मुलखातलं चित्र. इथल्या चढावर घोडा उभाही राहणार नाही. खाणमजूर, शेतगडी, शिक्षक सगळे काठी टेकत डोंगर चढायचे. हाउंड वासावरून कोल्ह्याला बोरनपर्यंत नेत आणि तिथे त्यांचं काम संपे. मग साखळीला जोडीने बांधून आणलेले टेरियर सोडले जात.

आत गेलेल्या टेरियरने कोल्ह्याला मारायचं नसतं. त्याने हातभर अंतर राखून भुंकत राहायचं, म्हणजे एकतर कोल्हा दुसऱ्या फटीतून बाहेर पडतो, नाहीतर वरची माणसं आवाजाच्या रोखाने खणत येतात. अंगावर धावून जाणारा कुत्रा तोंड फाडून घेतो आणि गप्प बसणारा कुणाला सापडत नाही. जुने लोक दोघांनाही कमअस्सल मानत. पूर्वी माणसं जमिनीला कान लावून पडून राहत. आता कुत्र्याच्या गळपट्ट्यात छोटा प्रक्षेपक असतो आणि वरच्या माणसाच्या हातातल्या डबीवर तो किती फूट खाली आहे ते उमटतं. तरी दगड सरकला तर डबी काय करणार? अडकलेल्या कुत्र्यासाठी गावच्या गाव पहारी घेऊन दिवसच्या दिवस राबल्याच्या कथा प्रत्येक खोऱ्यात आहेत. त्या सांगताना ही मितभाषी माणसं एकदम बोलकी होतात. कुत्र्याचं नाव, त्याच्या आईचं नाव, कोणता दगड आधी हलवला, सगळं क्रमाने येतं.

पश्चिमेच्या एस्कडेल खोऱ्यात जायला रॅव्हनग्लासहून पंधरा इंच रुंदीच्या रुळांवरची चिमुकली आगगाडी मिळते. खनिज वाहायला घातलेली ही सात मैलांची वाट आता प्रवाशांवर चालते. शेवटच्या ठाण्यावरून बूट या खेड्यातून खाली नदीकडे गेलं की सेंट कॅथरिनचं छोटं देऊळ लागतं आणि त्याच्या आवारात टॉमी डॉब्सन यांची कबर. हे गृहस्थ लाकडी बॉबिन कातणारे कारागीर. १८५७ साली त्यांनी एस्कडेल-एनरडेलचा ताफा उभा केला आणि १९१० मध्ये मृत्यू येईपर्यंत तो चालवला. शिळेवर त्यांच्या चेहऱ्याच्या बाजूला कोल्हा आणि हाउंड कोरले आहेत. जमीनदारांच्या देशात एका कातारी कारागिराच्या हाताखाली खोऱ्यातली सगळी माणसं डोंगर चढत होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. टेरियर हा त्या लोकांचा कुत्रा होता. तो घरच्या उरल्यासुरल्या अन्नावर पोसला जाई आणि रात्री चुलीपाशी झोपे.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी याच खोऱ्यात एस्कडेल शो भरतो. मुख्य मान हर्डविक मेंढ्यांचा. मेंढे प्रदर्शनासाठी गेरूसारख्या लाल रंगाने माखलेले असतात. पलीकडे बडीशेपेसारख्या वासाचं तेल ओढून आखलेल्या वाटेवर हाउंडांच्या शर्यती चालतात आणि शेवटच्या चढावर कुत्रा दिसला की मालक खाऊचं भांडं वाजवत घसा फोडतात. मी टेरियरच्या रिंगणाशी उभी राहिले. परीक्षक वयस्कर, हात फावड्याच्या दांड्यावर रुळलेले. ते प्रत्येक कुत्र्यापाशी वाकत, खांद्यांच्या मागे दोन्ही पंजे घालून छातीला विळखा घालत आणि कुत्रा किंचित उचलत. खाली दोन्ही हातांची बोटं आणि वर पाठीवर दोन्ही अंगठे भिडले की माप बरोबर. कोल्हा जिथून गेला तिथून हा कुत्रा जाऊ शकेल याची ती खूण. विळखा घालून ते थोडा दाब देत. बरगड्या आत दबून परत फुलायला हव्यात, कारण अरुंद फटीत श्वास घेता यायला हवा. मग ओठ वर करून दात, पंज्यांच्या गाद्या, आणि केसांत बोटं खुपसून खालची लोकर दाट आहे का ते बघणं. एका कुत्रीच्या नाकपुडीपासून गालापर्यंत जुना पांढरा वण होता. परीक्षकांनी त्यावरून अंगठा फिरवला, काही न बोलता पुढे गेले, आणि दुसरा क्रमांक तिलाच दिला. पहिला आला त्याची छाती अधिक लवचिक होती.

कॉल्डबेक हे गाव डोंगरांच्या उत्तर टोकाला. शिकारगीतामुळे जगभर ठाऊक झालेले शिकारी जॉन पील यांची कबर इथल्या चर्चच्या आवारात आहे, मृत्यू १८५४. पांढऱ्या शिळेवर शिकारीची शिंगं कोरली आहेत. १९७७ साली शिकारविरोधी कार्यकर्त्यांनी ही कबर उकरली होती. शिकारीवरून या देशात दोन्हीकडची मनं किती तापली होती, ते या घटनेत दिसतं. अखेर २००४ चा हंटिंग अ‍ॅक्ट झाला आणि १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार बंद झाली. ताफे आता कृत्रिम वासाच्या वाटेवर धावतात, आणि तेही थांबवण्याचं आश्वासन मजूर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात दिलं.

टेरियरसाठी कायद्याने एक बारीक खिडकी उघडी ठेवली. जमिनीखाली एकच कुत्रा, जागामालकाची लेखी परवानगी जवळ, आणि बाहेर आलेला कोल्हा शक्य तितक्या लवकर गोळीने मारायचा. पण ही सवलत फक्त बंदुकीच्या शिकारीसाठी राखलेल्या पक्ष्यांच्या संरक्षणाला आहे. म्हणजे पैसेवाल्यांच्या नेमबाजीसाठी वाढवलेल्या फेझंटांना कोल्ह्याचा त्रास असेल तर टेरियर बिळात जाऊ शकतो. कोकरं जात असतील तर नाही. अल्सवॉटरच्या शेतकऱ्याने हे सांगताना आवाज चढवला नाही, पण हातातला चहाचा मग खाली ठेवला. ते आता रात्री उष्णता दाखवणारी दुर्बीण लावलेली रायफल घेऊन बसतात.

या वादात मी सर्वस्वी मेंढपाळांच्या बाजूने नाही. जमिनीखाली दोन जनावरांना झुंजवत ठेवणं क्रूर आहे, आणि टेरियर घेऊन बॅजर खणणारे लोक सरळ गुन्हेगार आहेत. १९९२ च्या कायद्याने बॅजर आणि त्याचं बीळ दोन्हींना संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. १९८४ पासून काम करणाऱ्या नॅशनल वर्किंग टेरियर फेडरेशनने आपल्या सभासदांना आचारसंहिता घातली, त्यामागे हीच बदनामी धुऊन काढण्याची धडपड आहे. पण फेझंटाला सवलत आणि कोकराला नकार, हा न्याय मला पटलेला नाही. हीच माणसं २००१ साली लाळ्या-खुरकुताच्या साथीत होरपळली. देशातल्या २,०२६ प्रादुर्भावांपैकी ८९३ एकट्या कंब्रियात झाले. कळपच्या कळप मारून पुरावे लागले, डोंगराची ओळख असलेल्या मेंढ्या गेल्या. त्यांच्या गाऱ्हाण्याकडे शहराने अधिक लक्ष द्यायला हवं होतं.

आज टेरियरचं खरं काम उंदरांचं आहे. हंटिंग अ‍ॅक्टमधून उंदीर वगळलेले आहेत. विषाचे गोळे टाकले की मेलेला उंदीर गव्हाणी घुबडाच्या पोटात जातो आणि विष घुबडात उतरतं. म्हणून पुष्कळ शेतकरी पुन्हा कुत्रेवाल्यांना बोलावू लागले आहेत. पेनरिथजवळच्या एका कोंबड्यांच्या फार्मवर मी हे काम पाहिलं. गवत कापायच्या यंत्राचं इंजिन, त्याला लांब नळी जोडलेली. इंजिन तेलाचा पांढरा धूर सोडतं आणि नळी बिळात खुपसली की तो जमिनीत पसरतो. थोड्याच वेळात पाच-सात ठिकाणांहून धुराच्या रेघा वर आल्या. बिळांची तोंडं किती आणि कुठे आहेत ते तेव्हा कळलं. चार टेरियर आपापसांत न ठरवता वेगवेगळ्या तोंडांशी जाऊन उभे राहिले. उंदीर बाहेर आला की एक चावा, मानेचा एक झटका, आणि कुत्रा पुढच्यासाठी वळलेला. लाडाने चघळणं नाही, दाखवायला आणणं नाही. उंदराला वेदना कळायच्या आत सगळं संपतं. विषाने दिवसेंदिवस रक्तस्राव होऊन मरण्यापेक्षा हे मरण मला नक्कीच दयेचं वाटतं.

काम संपल्यावर जे झालं तेही तितकंच शिस्तीचं. प्रत्येक कुत्रा गाडीच्या मागच्या फळीवर उभा केला गेला. मिठाच्या कोमट पाण्याने डोळे धुतले, कान उलटून पाहिले, ओठांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत चाव्याची खूण शोधली. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो. पावसाळ्यातली मुंबई आणि सिंधुदुर्ग ज्याने हैराण होतात तोच रोग. इथे कुत्र्यांना दर वर्षी त्याची लस देतात आणि माणसं हातमोजे न काढता भाकरीला हात लावत नाहीत.

तिथून मी पूर्वेला, हेड्रियनची भिंत ओलांडून नॉर्थंबरलंडला गेले. डोंगर मऊ झाले, दगडांऐवजी गवत आणि पीटची काळी दलदल आली. कॉकेट आणि रीड या दोन नद्यांची खोरी टेरियरांचं माहेर. बायर्नेसचे रॉबसन आणि कॅटक्लूचे डॉड या मेंढपाळ घराण्यांनी आपल्या बॉर्डर हंट या शिकारी ताफ्यासाठी जो कुत्रा जोपासला तो पुढे बॉर्डर टेरियर झाला; कुत्र्यांच्या जाती नोंदवणाऱ्या केनेल क्लबने त्याला १९२० साली जात म्हणून मान्यता दिली. पाणमांजरासारखं चपटं डोकं, सैल जाड कातडी, घोड्यामागे दिवसभर धावता येईल इतके लांब पाय, आणि बुडाशी भक्कम शेपूट, जिला धरून कुत्रा बिळातून ओढता येतो. याच टापूतल्या रॉथबरीच्या बाजूचे कुत्रे कोळसाखाणींच्या बेडलिंग्टन गावी जोपासले गेले; तिथल्या जोसेफ एन्सली नावाच्या गवंड्याने १८२५ च्या सुमारास आपल्या कुत्र्याला बेडलिंग्टन टेरियर म्हटलं. आणि १८१५ मध्ये वॉल्टर स्कॉट यांच्या 'गाय मॅनरिंग' कादंबरीत डँडी डिनमाँट नावाचा शेतकरी आला, त्याच्या टेरियरांची इतकी चर्चा झाली की त्या कुत्र्यांना त्याच पात्राचं नाव मिळालं.

या तिघांचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. डँडी डिनमाँट आणि बेडलिंग्टन प्रदर्शनांत गेले, त्यांचे केस कोरले गेले, बेडलिंग्टन तर कोकरासारखा दिसेल असा कातरला जातो. डँडी आज केनेल क्लबच्या धोक्यात आलेल्या देशी जातींच्या यादीत आहे. कंब्रियाचा लेकलँड टेरियरही तिथेच. बॉर्डरला मात्र कुणी कोरलं नाही. त्याच्या प्रमाणलेखात आजही तो मुळात कामाचा टेरियर असल्याचं लिहिलेलं आहे आणि दोन हातांत छाती मावण्याची अट कायम आहे. तोच देशभरात लोकप्रिय आहे. जनावराला कामाने दिलेला घाट सौंदर्याच्या हौसेने मोडू नये, हे माझं मत इथे पक्कं झालं.

रीडच्या खोऱ्यातून वर जाणारा रस्ता कार्टर बारच्या खिंडीत स्कॉटलंडमध्ये शिरतो. हद्दीच्या शिळेच्या एका बाजूला इंग्लंड, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, मेंढ्या दोन्हीकडे त्याच. पण पलीकडे २०२३ चा स्कॉटिश कायदा लागतो आणि त्यात पशुधनाच्या रक्षणासाठी, अटी पाळून, एक कुत्रा जमिनीखाली सोडता येतो. इंग्लंडातल्या मेंढपाळाला जे नाकारलं ते त्याच्या शेजाऱ्याला दोन मैलांवर मिळतं.

खिंडीच्या अलीकडे एक बाई बॉर्डर टेरियर वाढवतात. आजोबांपासून चालत आलेलं रक्त, कागदावर आणि डोक्यात दोन्हीकडे नोंदलेलं. या जातीत पिल्लांना कंप सुटण्याचा एक आनुवंशिक आजार आहे. त्याची तपासणी केल्याशिवाय त्या जोडी लावत नाहीत. काही बॉर्डरांना गव्हातल्या ग्लूटेनमुळे पेटके येतात, म्हणून पोळी-पावाचे तुकडे घालायचे नाहीत, असं गिऱ्हाइकाला बजावतात. पिल्लू मागायला आलेल्या माणसाला आधी विचारतात, दिवसातून किती तास घराबाहेर असता, कुंपण जमिनीत किती खोल गेलंय, शेजारी कोंबड्या आहेत का. उत्तर आवडलं नाही तर चहा देऊन परत पाठवतात. या खेपेच्या चार पिल्लांपैकी दोन पलीकडच्या गेमकीपरांनी सांगून ठेवली होती आणि एक वरच्या शेतावरच्या शाळकरी मुलीला जाणार होतं, तिच्याकडे उंदीर फार झाले होते. चौथं त्या स्वतः ठेवणार होत्या, कारण त्याच्या आईचे पुढचे दात आता झिजले आहेत.